मुलाच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ आलं: आता कोणत्या क्रमाने काय करायचं?

पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी होते, रिपोर्टच्या शेवटी ‘ग्रेड 1 फॅटी लिव्हर’ अशी एक ओळ असते आणि घरात दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘मोठं झालं की जाईल’ म्हणून कागद कपाटात जातो. नाहीतर त्याच संध्याकाळी मुलाचं जेवण निम्म्यावर येतं, यकृताचं कसलं तरी सिरप सुरू होतं आणि मूल रडत रडत मैदानाला फेऱ्या मारू लागतं. आहारसल्ल्याच्या कामात मला या दोन्ही प्रकारची घरं सतत भेटतात. काळजी दोन्हीकडे खरी असते. चुकतो तो क्रम.

आधी खात्री, मग दुसरे आजार बाद करणं, मग सोबतच्या तक्रारी शोधणं, मग घराच्या सवयी बदलणं आणि ठरलेल्या वेळी पुन्हा मोजणं, असा तो क्रम आहे. मधलीच पायरी गाळली की पुढचे सहा महिने कशावर मेहनत घेतली तेच कळत नाही. म्हणून हा लेखही वरून खाली वाचा, थेट आहाराच्या भागावर उडी मारू नका.

नावाबद्दल एकदाच सांगते. जुन्या कागदांवर ‘एनएएफएलडी’ (दारूशी संबंध नसलेला फॅटी लिव्हर) दिसेल. 2023 मध्ये तज्ज्ञांनी नाव बदलल्यापासून ‘एमएएसएलडी’ (चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेला फॅटी लिव्हर) लिहिलं जातं. म्हणजे आजार बदलला किंवा वाढला असं नाही.

टप्पा 1: डॉक्टरांकडे जाण्याआधीचा आठवडा

पहिल्या भेटीत वेळ थोडा असतो. ‘औषधं कोणती चालू आहेत?’ या प्रश्नाला ‘ती पांढरी गोळी’ असं उत्तर आलं, की पुढचं बरंचसं अंदाजावर चालतं. म्हणून जाण्याआधी एक फाईल तयार करा. तिच्यात हे असू द्या:

1. आतापर्यंतचे सगळे रक्ताचे आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून. ‘नॉर्मल’ म्हणून बाजूला ठेवलेलेसुद्धा. ते का हवेत, ते पुढच्या टप्प्यात येईल.
2. गेल्या दोन-तीन वर्षांतल्या उंची आणि वजनाच्या नोंदी. लसीकरणाच्या कार्डावर, शाळेच्या आरोग्यपत्रकावर, जुन्या प्रिस्क्रिप्शनच्या कोपऱ्यात त्या सापडतात. वजन नेमकं कधीपासून वेगाने वाढायला लागलं, हे त्यावरून कळतं.
3. औषधांची यादी. यात गेल्या वर्षभरातली औषधंही धरा. स्टेरॉइड, अपस्मारासाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट, मेथोट्रेक्सेट, मानसिक आजारांवरची काही औषधं यांचा यकृतावर किंवा वजनावर परिणाम होऊ शकतो. काढे, चूर्णं, प्रोटीन पावडर, जिममधल्या मित्राने दिलेलं सप्लिमेंट हेही लिहा. किशोरवयीन मुलगा हे घरी सांगेलच असं नाही, त्याला एकट्याला शांतपणे विचारा.
4. घराण्याचा इतिहास. आईवडील, भावंडं, आजीआजोबा यांच्यापैकी कोणाला मधुमेह, फॅटी लिव्हर, रक्तातल्या चरबीचा त्रास किंवा कमी वयात यकृताचा आजार झाला होता का?
5. सात दिवसांची डायरी. खाणं, आणि विशेषतः पिणं, झोपण्या-उठण्याच्या वेळा, मोबाईल आणि टीव्हीचे तास.

डायरीच्या आठवड्यात काहीही बदलू नका. पालक इथे हमखास चुकतात: डॉक्टरांना दाखवायचं म्हणून त्या सात दिवसांत घर एकदम सात्त्विक होतं, आणि मग खरी अडचण कागदावर येतच नाही.

अंगावरच्या काही खुणाही पाहून ठेवा. मानेवर किंवा काखेत मळासारखी दिसणारी, घासूनही न जाणारी काळपट, मखमली त्वचा आहे का? ती मळाची नसते. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते, तेव्हा घासू नका आणि ओरडूही नका. मूल रात्री मोठ्याने घोरतं का? मुलीची पाळी सुरू होऊन काही वर्षं झाली तरी अनियमित आहे का? सगळं लिहून ठेवा.

सावध: यादीतलं एखादं औषध यकृताला त्रास देतं असं वाचलं म्हणून ते स्वतःहून बंद करू नका. अपस्माराची गोळी अचानक थांबली तर झटके येऊ शकतात, आणि स्टेरॉइड एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. ज्यांनी औषध सुरू केलं त्यांनाच विचारा.

टप्पा 2: आकडे नीट वाचा

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिला आकडा एएलटीचा. बऱ्याच रिपोर्टांवर तो एसजीपीटी या जुन्या नावाने येतो. यकृताच्या पेशी दुखावल्या की हे एन्झाइम रक्तात वाढतं. लॅबच्या कागदावर शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा अनेकदा 40 किंवा त्याहून जास्त असते. ती मोठ्यांसाठी ठरवलेली असते. मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांच्या उत्तर अमेरिकेतील संघटनेने 2017 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत मुलींसाठी 22 आणि मुलग्यांसाठी 26 ही वरची मर्यादा धरली आहे. म्हणजे 38 आकडा असलेल्या मुलीच्या रिपोर्टवर ना ठळक अक्षर, ना बाण, ना तारा, आणि तरीही तो वाढलेलाच असतो. टप्पा 1 मध्ये ‘नॉर्मल’ रिपोर्टही काढून ठेवा म्हटलं ते यासाठी.

आता या आकड्यांचं करायचं काय?

त्याच सूचनांप्रमाणे, वजन जास्त असलेल्या मुलात एएलटी दुपटीच्या घरात, म्हणजे मुलीत 44 किंवा जास्त, मुलग्यात 52 किंवा जास्त, आणि तसा तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला, तर फॅटी लिव्हर किंवा यकृताच्या दुसऱ्या आजारासाठी सखोल तपासणी हवी. आकडा 80 च्या वर असेल तर रेंगाळू नका, तज्ज्ञांकडे लवकर जा. आणि वजन जास्त असूनही पहिली चाचणी ठीक आली, तर दोन-तीन वर्षांनी ती पुन्हा करायची असते. वजन झपाट्याने वाढलं किंवा नवीन तक्रार आली तर त्याआधीच.

एकाच चाचणीवर निकाल लावू नका. ताप, विषाणूचा संसर्ग, नवीन औषध यांनी एएलटी तात्पुरता वाढतो. खूप दमवणाऱ्या व्यायामानंतर स्नायूंमधूनही तो रक्तात येतो. म्हणून दुसरी चाचणी मूल ठणठणीत असताना करा आणि आधीचे काही दिवस नवा, जड व्यायाम टाळा.

दुसरा गोंधळ सोनोग्राफीचा. यकृतात चरबी बरीच साठली असेल तर सोनोग्राफीत यकृत उजळ दिसतं, पण चरबी थोडी असेल तर ती निसटू शकते. म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणजे यकृत निरोगी, असं धरता येत नाही. वर सांगितलेल्या सूचना तर पहिल्या चाळणीसाठी सोनोग्राफीवर विसंबू नका, असंच सांगतात.

आणि ‘ग्रेड’ म्हणजे ‘स्टेज’ नव्हे. सोनोग्राफीतला ग्रेड 1, 2, 3 हा चरबीमुळे यकृत किती उजळ दिसतं याचा अंदाज आहे. यकृतात व्रण, म्हणजे भरलेल्या जखमेसारखे कडक डाग, किती पडले आहेत, ते किती कडक झालं आहे, हे त्यातून कळत नाही. ग्रेड 1 असलेल्या मुलाच्या यकृतातही सूज आणि व्रण असू शकतात आणि ग्रेड 3 असलेल्या मुलात ते नसूही शकतात. ‘पहिलाच ग्रेड आहे ना’ या वाक्यावर मी घरंच्या घरं निश्चिंत झालेली पाहिली आहेत, आणि दर वेळी जीव कळवळतो.

तिसरा आकडा वजनाचा. मोठ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) तक्ता मुलांना लावू नका. मुलांचा बीएमआय वय आणि लिंगाप्रमाणे पर्सेंटाइलवर, म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलांत आपलं मूल कितव्या जागी येतं त्यावर, वाचतात. 85 ते 95 च्या दरम्यान जास्त वजन, 95 च्या पुढे स्थूलता. स्थूल मुलांची एएलटी चाचणी साधारण 9 ते 11 वर्षांच्या वयात करावी. 85 ते 95 मधल्या मुलांचीही करावी, जर पोटाचा घेर, घराण्यातला फॅटी लिव्हर, वाढलेली रक्तातली साखर किंवा चरबी अशी एखादी जोखीम सोबत असेल.

तपासून पाहा: पुढे जाण्याआधी तुमच्या फाईलमध्ये वेगवेगळ्या तारखांचे किमान दोन एएलटी आकडे, आजची उंची-वजन आणि बीएमआय पर्सेंटाइल लिहिलेलं आहे का? नसेल तर आधी ते पूर्ण करा.

टप्पा 3: दुसरे आजार बाद करा

मूल जाड आहे आणि एएलटी वाढला आहे, म्हणजे फॅटी लिव्हरच, असं गृहीत धरणं ही घरातलीच नव्हे तर कधी कधी दवाखान्यातलीही घाई असते. जाड मुलालाही यकृताचा दुसरा आजार होऊ शकतो. त्यातल्या काहींवर नेमका उपचार आहे, आणि तो उशिरा सुरू झाला तर झालेलं नुकसान भरून येत नाही.

विल्सन आजारात शरीरात तांबं साठत जातं. सोनोग्राफीत तो अगदी फॅटी लिव्हरसारखा दिसू शकतो. त्यावर आयुष्यभर घ्यायची औषधं आहेत आणि ती वेळेत सुरू झाली तर मूल चांगलं जगतं. ऑटोइम्यून हेपटायटिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते. तिथे वजन कमी करत बसणं म्हणजे हातातला वेळ घालवणं. याशिवाय हेपटायटिस बी आणि सी, सीलिअ‍ॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेनने होणारा), थायरॉइडची कमतरता, अल्फा-1 अँटिट्रिप्सिन या प्रथिनाची जन्मजात कमतरता आणि चयापचयाचे काही जन्मजात आजार या यादीत येतात.

प्रत्येक मुलाची प्रत्येक चाचणी करायची नसते, ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही मात्र स्पष्ट विचारा: ‘विल्सन आणि ऑटोइम्यून आजार आपण कशावरून बाद केले?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगले डॉक्टर त्याचं उत्तर आनंदाने देतात.

सावध: दोन प्रकारच्या मुलांत जास्त काळजी घ्या. एक, सडपातळ मूल. दोन, अगदी लहान मूल. चुकीच्या आहारातून आणि वाढत्या वजनातून होणारा फॅटी लिव्हर दहा वर्षांखालच्या मुलांत होतच नाही असं नाही. पण मूल जितकं लहान, तितका जन्मजात आजाराचा संशय आधी घ्यायचा. अशा मुलांना थेट आहाराचा तक्ता हातात देणं ही मोठी चूक आहे.

टप्पा 4: सोबतच्या तक्रारी शोधा

फॅटी लिव्हर सहसा एकटा येत नाही. निदान झालं की रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची चाचणी) आणि रक्तातली चरबी एकदा बघून घ्या. साखर पुढे दर वर्षी, आणि जोखीम वाढली तर त्याआधीही. घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं असेल तर झोपेची तपासणी, पाळीची तक्रार असेल तर त्याची तपासणी. मुलाचं मन उदास आहे का, शाळेत वजनावरून चिडवतात का, हेही याच टप्प्यात विचारा. उदास मुलाला खाण्याचा तक्ता पाळायला लावता येत नाही. आधी त्याचं दुःख ऐकावं लागतं.

हेपटायटिस ए आणि बी या दोन्ही लशी झाल्या आहेत का, हे कार्डावर पाहा. आधीच दुखावलेल्या यकृताला आणखी एक संसर्ग नको.

टप्पा 5: मुलाशी बोला, मगच स्वयंपाकघरात जा

हा टप्पा पालक बहुतेक वेळा गाळतात. आणि मग तेरा वर्षांची मुलगी रात्री अंथरुणात चोरून बिस्किटं खाते.

मुलाला काय झालंय ते त्याच्या वयाला समजेल असं सांगा. मला उपयोगी पडलेली भाषा साधारण अशी: ‘तुझ्या पोटात उजवीकडे एक अवयव आहे. तो रात्रंदिवस काम करतो. त्यात सध्या चरबी साठली आहे. तुझी चूक झाली म्हणून नाही. आपल्या घरात जे खाणं-पिणं चालतं आणि आपल्या शरीरांची जी ठेवण आहे, त्यामुळे. ते कमी करता येतं, आणि आपण सगळे मिळून करणार आहोत.’

‘सगळे मिळून’ हे शब्द खरे असले पाहिजेत. सडपातळ भावाच्या हातात गोड पेयाची बाटली आणि जाड बहिणीच्या हातात पाण्याचा पेला, असं घरात चाललं तर ती बहीण यकृत नाही, अन्याय लक्षात ठेवते.

काही गोष्टी अजिबात करू नका. पाहुण्यांसमोर वजनाचा विषय काढू नका. रोज काट्यावर उभं करू नका. ‘हे खाल्लंस तर लिव्हर खराब होईल’ अशी भीती घालू नका. खाणं बक्षीस म्हणून देऊ नका आणि शिक्षा म्हणून काढूनही घेऊ नका.

सावध: मूल जेवण टाळायला लागलं, खाऊन लगेच बाथरूममध्ये जायला लागलं, एकदम खूप खाऊन मग अपराधी वाटून घ्यायला लागलं, तर वजनाचा सगळा कार्यक्रम थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. खाण्याचा मानसिक आजार फॅटी लिव्हरपेक्षा लवकर घात करू शकतो.

टप्पा 6: घर बदला, पण एकेक करून

सगळं एकाच सोमवारी बदललेलं घर पुढच्या सोमवारपर्यंत थकतं. दोन आठवड्यांना एक बदल, आणि खालच्याच क्रमाने. वरचा बदल टिकला तरच खालच्याला हात घाला.

पहिला बदल: पिण्यातली साखर

इथूनच सुरुवात करा, कारण एका बदलाला सर्वात जास्त फळ इथे मिळतं. साखरेतला फ्रुक्टोज हा भाग मोठ्या प्रमाणात यकृतातच हाताळला जातो आणि गरजेपेक्षा जास्त आला की त्यापासून तिथे चरबी बनते. पेयातून तो एकदम, भरपूर आणि पोट न भरता येतो.

2019 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी पालकांना आवर्जून सांगते. 11 ते 16 वर्षांच्या, फॅटी लिव्हर असलेल्या 40 मुलग्यांना दोन गटांत वाटलं. एका गटाच्या खाण्यातली वरची साखर आठ आठवडे एकूण उष्मांकांच्या 3 टक्क्यांखाली ठेवली, दुसरा गट नेहमीसारखा जेवला. पहिल्या गटात यकृतातली चरबी सरासरी 25 टक्क्यांवरून 17 वर आली, दुसऱ्यात 21 वरून 20. आणि त्या अभ्यासात जेवण एकट्या मुलाचं बदललं नव्हतं, पूर्ण घराचं बदललं होतं.

आता हिशेब करा. बहुतेक गोड शीतपेयांत 100 मिलीला साधारण 10 ते 11 ग्रॅम साखर असते. 300 मिलीची बाटली म्हणजे 30 ग्रॅमच्या वर. अमेरिकन हार्ट असोसिएशन 2 ते 18 वयाच्या मुलांसाठी दिवसभरातली वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. एका बाटलीतच दिवसाचा कोटा संपून वर उधारी होते.

शीतपेयं बंद केली की पालकांना वाटतं, झालं. पण साखर दुसऱ्या दारांनी येतच असते: फळांचा पॅकबंद ज्यूस, खेळाडूंची पेयं, एनर्जी ड्रिंक, चवीचं दूध, दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी, गोड दही. घरी काढलेला साखर न घातलेला ज्यूसही रोज पेला भरून नको. अख्खं फळ मात्र खुशाल खाऊ द्या. त्यात चोथा असतो, चावायला वेळ लागतो, पोट भरतं. फळांना घाबरून ती बंद करणारी घरं पाहिली की मला वाईट वाटतं.

पाकिटावरचं वाचताना दोन फसवणुकी लक्षात ठेवा. साखर ‘ग्लुकोज सिरप’, ‘कॉर्न सिरप’, ‘डेक्स्ट्रोज’, ‘माल्टोज’, ‘फळांचा अर्क’ अशा नावांनी लपते. आणि आकडा ‘एका सर्व्हिंगला’ दिलेला असतो, तर पाकिटात तशा दोन-तीन सर्व्हिंग असतात. मध किंवा तपकिरी साखर यकृताला वेगळी वाटत नाही.

पहिले काही दिवस मूल चिडेल. त्याला पेय हवं असतं तितकीच सवयीची वेळही हवी असते, म्हणून त्या वेळी गार पाणी, साधं दूध, कापलेलं फळ समोर असू द्या. आणि घरात बाटली आणूच नका. फ्रिजमध्ये ठेवून ‘पिऊ नकोस’ म्हणणं हा मुलावर अन्याय आहे.

दुसरा बदल: जेवणाच्या वेळा

सकाळी उपाशी शाळेत जाणं, दुपारी मिळेल ते खाणं आणि रात्री उशिरा भरपूर जेवणं हा साचा डायरीत फार दिसतो. आधी सकाळचं खाणं लावा. ते लागलं की रात्रीची भूक आपोआप उतरते. टीव्ही आणि मोबाईलशिवाय, टेबल असो की जमीन, एकत्र बसून जेवा.

तिसरा बदल: ताट

अर्धं ताट भाज्या, पाव भाग प्रथिनं, म्हणजे कडधान्यं, अंडी, मासे, दूध-दही असं काही, आणि पाव भाग धान्य, शक्य तितकं न पॉलिश केलेलं. दुसऱ्यांदा वाढायचं तर आधी भाजी. तळलेलं आणि पाकिटातलं रोजचं न राहता कधीतरीचं झालं, एवढं पुरे. तेल-तूप पूर्ण बंद करू नका. वाढत्या वयात चरबी लागते, आणि यकृतात चरबी साठण्यामागे फक्त तेल नसतं.

उपासमारीचे आणि ‘डिटॉक्स’चे प्रकार कटाक्षाने टाळा. फार झपाट्याने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि यकृताची सूज वाढू शकते. उंची वाढत असलेल्या मुलाचं वजन नुसतं आहे तिथे थांबलं, तरी उंचीबरोबर बीएमआय खाली येतो. वजन कमी करायचं की थांबवायचं, हे वय आणि वाढ पाहून डॉक्टर ठरवतील. ‘महिन्यात पाच किलो’ हे ध्येय मुलांसाठी नाही.

चौथा बदल: हालचाल

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं, धाप लागेल इतकी हालचाल सांगते. आज शून्यावर असलेल्या मुलाने उद्या तासभर धावायचं नाही. दिवसाला दहा मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. शिक्षा वाटेल असा प्रकार निवडू नका. सायकल, पोहणं, नाचणं, मैदानी खेळ, कुत्र्याला फिरवणं, काहीही चालेल. काट्यावरचा आकडा हलला नाही तरी नियमित व्यायामाने यकृतातली चरबी कमी होऊ शकते, हे मुलाला सांगा. त्याला हुरूप येतो.

मनोरंजनासाठीचा स्क्रीन दिवसाला दोन तासांच्या आत आणा. त्या जागी काय करायचं ते आधी ठरवा, नाहीतर रिकामा वेळ पुन्हा मोबाईलनेच भरतो.

पाचवा बदल: झोप

6 ते 12 वयाला 9 ते 12 तास, 13 ते 18 ला 8 ते 10 तास. मोबाईल रात्री झोपायच्या खोलीबाहेर चार्ज करा. सर्वांचे, आईवडिलांचेही.

तपासून पाहा: दहा आठवड्यांनी पुन्हा सात दिवसांची डायरी लिहा आणि टप्पा 1 मधल्या डायरीशेजारी ठेवा. कुठला बदल टिकला, कुठला गळाला, ते रागावल्याशिवाय मुलाबरोबर बसून बघा.

टप्पा 7: औषधांबद्दलची अपेक्षा योग्य ठेवा

मुलांच्या फॅटी लिव्हरवर मान्यता मिळालेलं, नेमकं असं औषध आज नाही. मोठ्यांसाठी काही औषधं अलीकडे आली आहेत, ती स्वतःच्या मनाने मुलाला देऊ नका. व्हिटॅमिन ई आणि मेटफॉर्मिनबद्दल खूप विचारणा होते. 8 ते 17 वर्षांच्या 173 मुलांवर 96 आठवडे चाललेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एएलटी टिकाऊपणे खाली आणण्यात दोन्हींपैकी एकही औषध खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. काही निवडक मुलांत तज्ज्ञ व्हिटॅमिन ई चा विचार करतात, तो निर्णय त्यांचा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दिलं असेल तर ते अर्थातच चालू ठेवा.

‘लिव्हर टॉनिक’चा मोठा तोटा म्हणजे त्याने घराला खोटं समाधान मिळतं. रोज दोन चमचे पाजले की जबाबदारी संपल्यासारखी वाटते आणि गोड पेयाची बाटली पुन्हा घरात येते. शिवाय काही वनस्पतिजन्य मिश्रणं, ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या, शरीर कमवायची स्टेरॉइड यकृताला प्रत्यक्ष इजा करू शकतात.

किशोरवयीन मुलांशी दारू आणि तंबाखूबद्दल मोकळेपणाने बोला. आधीच चरबी साठलेल्या यकृतावर दारूचा भार पडणं किती धोक्याचं आहे, हे त्यांना ओरडून नाही, कारण देऊन सांगा.

टप्पा 8: पुन्हा मोजा, आणि थांबू नका

बदल सुरू केल्यापासून साधारण तीन ते सहा महिन्यांनी एएलटी, उंची-वजन, कंबरेचा घेर आणि रक्तदाब पुन्हा बघा. कंबरेचा घेर बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर, दर वेळी त्याच टेपने मोजा. तो उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. त्यानंतर डॉक्टर सांगतील तसं, पण वर्षातून एकदा तरी नक्की. दर महिन्याला सोनोग्राफी करून ग्रेड बघण्यात काही हाशील नाही.

एएलटी खाली आला की आनंद माना, पण फाईल बंद करू नका. आकडा नॉर्मल झाला तरी यकृतात व्रण शिल्लक असू शकतात. उलट वजन तेवढंच राहून एएलटी आणि कंबर दोन्ही उतरली, तर ते खरं यश आहे, मुलाला तसं सांगा.

प्रामाणिकपणे बदल करूनही एएलटी वरच राहिला, किंवा 80 च्या पुढे गेला, तर मुलांच्या यकृततज्ज्ञांकडे जा. ते यकृताचा कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅनसारखी तपासणी किंवा चरबी मोजणारा एमआरआय सांगतील, काही मुलांत बायोप्सीही. बायोप्सी हा शब्द ऐकून पालक हादरतात. ती कॅन्सरच्या संशयानेच करतात असं नाही. सूज किती, व्रण किती, आणि हा दुसराच आजार तर नाही ना, याचं सर्वात खात्रीचं उत्तर अजूनही तीच देते. कशासाठी, धोके कोणते आणि निकालाने उपचार काय बदलतील, हे तीन प्रश्न विचारून मग ठरवा.

सावध, यासाठी अपॉइंटमेंटची वाट पाहू नका: डोळे किंवा त्वचा पिवळी होणं, गडद लघवी आणि पांढुरकी शौच, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोट फुगत जाणं, सहज काळेनिळे डाग पडणं, मूल गोंधळल्यासारखं किंवा अति सुस्त वाटणं. त्याच दिवशी रुग्णालयात जा. खूप तहान, सारखी लघवी आणि अचानक घटणारं वजन दिसलं तर साखर त्याच दिवशी तपासा. ‘डाएट लागू पडलं’ असं समजू नका.

आणि एक गोष्ट पंधरा-सोळाव्या वर्षापासूनच सुरू करा. मूल अठराच्या आसपास बालरोगतज्ज्ञांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जातं आणि नेमक्या त्याच वर्षांत, कॉलेजच्या धावपळीत, तपासण्या सुटतात. भेटीच्या वेळी पहिली दहा मिनिटं त्याला एकट्याला डॉक्टरांशी बोलू द्या. फाईलच्या पहिल्या पानावर एएलटीचे सगळे आकडे तारखांसह एका रांगेत त्याच्याच हाताने लिहून घ्या, आणि पुढची अपॉइंटमेंट त्याला स्वतः फोन करून घेऊ द्या.